सनदी लेखापाल व्हायचे, पण कशातला?

पुणे-हैदराबाद महामार्गावरील मन्नाएखेळ्ळीचा विद्यार्थी सनदी लेखापालाची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झाला, की घरचे पेढे वाटतात आणि त्याच्यापुढे मात्र खरा पेच उभा राहतो: आर्टिकलशिप करावी कोठे? 2023 मध्ये लागू झालेल्या नव्या योजनेत हा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. साहजिकच निरनिराळी कामे चाखून पाहण्याची मुभाही आटली.

अंतिम परीक्षेपूर्वीच्या स्वयंअध्ययनात न्यायवैद्यक लेखांकन, मूल्यांकन, आंतरराष्ट्रीय करप्रणाली, दिवाळखोरी कायदा अशा विषयांपैकी एक निवडावा लागतो. तथापि विशेषज्ञता विषयाच्या नावाने येत नाही; हाताखालून कोणत्या फायली गेल्या, त्यावर ती ठरते. हैदराबादच्या मोठ्या फर्ममध्ये एकाच कंपनीची मालमोजणी आणि शिल्लक-पुष्टिपत्रे यांतच महिने जाऊ शकतात. बीदर, हुमनाबादच्या लहान कार्यालयात तोच विद्यार्थी सकाळी अडत्याची खतावणी, तर दुपारी पतसंस्थेची थकीत कर्जखाती तपासतो. तेथे शिस्त मिळते, येथे आवाका.

कलबुर्गीच्या तुरीचेच पाहा. सुट्या डाळीवर जीएसटी नाही. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या डाळीवर तो 5 टक्के लागू झाला. ती पिशवी बीदरच्या दुकानदाराला विकली तर केंद्र व राज्य यांचा अडीच-अडीच टक्के. सोलापूरच्या दुकानदाराला पाठवली तर एकात्मिक कर. सीमेवरच्या मुलाला हा भेद पुस्तकाआधी बाजारात भेटतो, आणि ही शिदोरी थोडी नव्हे.

मात्र केवळ कायद्याच्या एखाद्या कलमावर आयुष्याची मांडणी करणे धोक्याचे. जीएसटीचे लेखापरीक्षण हे 2017 नंतर अनेकांना हक्काचे काम वाटत होते. 2021 च्या वित्त कायद्याने व्यावसायिकाकडून ते प्रमाणित करून घेण्याची सक्तीच काढली आणि करदात्याचे स्वयंप्रमाणन पुरेसे ठरले. प्राप्तिकराचा 1961 चा कायदाही जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा येतो. जुन्या कलमांचे पाठांतर तेथे निरुपयोगी. हिशेबातील विसंगती ओळखणारी नजर मात्र कायदा बदलला तरी कामी येते.

म्हणून फर्म निवडताना विद्यावेतनासोबत एक प्रश्न अवश्य विचारावा: गेल्या वर्षी येथल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कोणत्या फायली हाताळल्या? शेवटच्या वर्षात उद्योगसंस्थेत प्रशिक्षण घेण्याची सोय असते. लेखापरीक्षणात मन रमत नाही असे तोवर उमगले, तर तीही वाट खुली राहते.