म्हशी गेल्या, गवत माजलं

भरतपूरला पक्षी बघताना दुर्बिणीत म्हैस आली की लोक वैतागतात. मला तर तिथल्या केवलादेव उद्यानाच्या पाण्यात म्हैस नसणंच खटकतं.

जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं हे उद्यान. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पाणथळीत चरायच्या. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराईवर बंदी आली. गावकरी खवळले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. सलीम अलींसारखे पक्षीतज्ज्ञही बंदीच्या बाजूने होते. गुरं हटली की पक्षी सुखी, असा सरळ हिशेब.

तो हिशेब फसला पास्पालम नावाच्या गवतापायी. हे गवत आडवं पसरतं, पेरापेराला मुळं धरतं आणि उथळ पाण्यावर जाडजूड चटई अंथरतं. म्हैस पोटापर्यंत पाण्यात उतरून ते ओरबाडायची, वर खुरांनी तुडवायची. पाणी उघडं राहायचं, बदकांना उतरायला जागा मिळायची. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) इथे वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यातून म्हशींचं हे फुकटचं काम लक्षात आलं.

पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायला मुभा मिळाली. पण विळा म्हशीसारखा चिखलात लोळत नाही, हो!

म्हणून उद्या सगळे कळप आत सोडा, असं मी म्हणणार नाही.