डिकी उघडत नाही आणि आत मासळी आहे, तेव्हा काय करायचं?

मंडळी, आजचा विषय होडीचा नाही, गाडीचा आहे. पण आपल्यातल्या कितीतरी घरांत जेटीपासून बाजारापर्यंत मासळी नेते ती घरचीच गाडी. म्हणून लिहितोय.

गेल्या हंगामातली गोष्ट. शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. मालिम जेटीवर बांगड्याचे पाच क्रेट बर्फासकट गाडीत घातले, डिकी दाबून लावली आणि निघालो. बाजारात वहिनी जागा धरून बसलेली. गाडी लावली, डिकीचं बटण दाबलं, काहीच नाही. परत दाबलं, तेच. वहिनी म्हणाली, "भावजी, किल्लीनं उघडा ना!" पण किल्ली घालणार कुठे? हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या डिकीला किल्लीचं भोकच नसतं. खालून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि शेजारच्या पाट्या भराभर खपत होत्या.

शेवटी मागची सीट पाडली, बाजूच्या दरवाजातून पुतण्या आत शिरला आणि बांगडे पाटीत भरभरून बाहेर दिले. तासभर गेला. उरलेले दोन क्रेट घरी नेऊन खारवले. तोटा झालाच, पण त्या निमित्ताने डिकी कशी चालते ते मात्र नीट कळलं.

पहिली गोष्ट, कान लावा. बटण दाबताना आतून 'टक्' किंवा 'घर्र' असा आवाज येतो का? आवाज येत असेल तर वीज पोचतेय, फक्त लॉक अडकलंय. आवाजच नसेल तर दोष वायरीत, स्विचमध्ये किंवा फ्यूजमध्ये. इथेच अर्धं निदान होतं. ते न करता लॉक बदलायला धावू नका. मी ज्या गॅरेजात आधी गेलो तिथे बघण्याआधीच नवीन लॉक घाला म्हणून सांगितलं होतं. आमचं लॉक चांगलं होतं.

आवाज येतोय पण उघडत नाही? मग एकाने डिकी बाहेरून आत जोरात दाबून धरायची, दुसऱ्याने त्याच वेळी बटण दाबायचं. क्रेट आतून रेटत असले की लॉकच्या आकड्यावर ताण येतो आणि तो सुटत नाही. बाहेरून दाबल्यावर ताण कमी होतो. कधी मासळीचं पाणी सुकून कडेचं रबर पत्र्याला चिकटलेलं असतं, तेही थोडं हलवल्यावर सुटतं. पहार किंवा सळई घालून उचकटू नका. पत्रा वाकला की पुढे पावसाचं पाणी आत येतं, आणि काच फुटली तर खर्च वेगळाच.

आवाज नसेल तर बाकीचे दरवाजे रिमोटने लॉक-अनलॉक होतात का बघा. तेही होत नसतील तर बॅटरी उतरलीय किंवा फ्यूज गेलाय. दरवाजे चालतात, ड्रायव्हरजवळच्या बटणाने किंवा रिमोटने डिकीही उघडते, पण बाहेरच्या बटणाने नाही, तर तो स्विच खराब. नंबर प्लेटच्या वर रबराचं आवरण असलेलं ते बटण आपण मिठाच्या ओल्या हातांनी रोज दाबतो. रबर चिरलं की पाणी आत गेलंच.

आता खरा चोर. डिकीच्या वर, बिजागरीजवळ, गाडीच्या छतातून डिकीत जाणारी एक रबरी नळी असते. डिकीच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. डिकी वर-खाली होताना त्या दर वेळी वाकतात. आपण दिवसातून पंचवीसदा उघडतो, वर खारी हवा. मग आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटते, बाहेरून काही दिसत नाही. ओळखायचं कसं? नंबर प्लेटचा दिवा आणि मागचा वायपर लावून बघा. डिकीबरोबर तेही बंद असतील तर बहुधा नळीतच वायर तुटलीय. एकाने नळी हलवत राहायची, दुसऱ्याने बटण दाबायचं. मधेच एकदा 'टक्' झालं तर दोष सापडला. आमच्या गाडीत दोन वायरी तुटल्या होत्या. काम करताना बॅटरीची वायर काढा, नवा तुकडा मऊ, बारीक तारांचा आणि थोडा सैल ठेवा, झाळ मारून वर हीट श्रिंक नळी चढवा. नुसती चिकटपट्टी आपल्याकडच्या दमटपणात टिकत नाही.

पण बाजारात अडकलात तर हे सगळं नंतर. त्या वेळी सीट पाडून आत जा. डिकीच्या आतल्या बाजूला, खाली मधोमध, बऱ्याच गाड्यांत एक छोटं झाकण किंवा भोक असतं. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून आतली पट्टी सरकवली की लॉक सुटतं. कुठल्या बाजूला सरकवायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते, म्हणून आजच रिकाम्या गाडीत शोधून ठेवा. आणि मुलाला आत पाठवलंत तर बाजूचा दरवाजा उघडाच राहू द्या. आमचं त्या दिवशी काय झालं, क्रेट डिकीला इतके चिकटून लावले होते की झाकणापर्यंत हातच जाईना. आता शेवटच्या क्रेटमागे वीतभर जागा सोडतो.

डिकी सुटते पण वर राहत नाही, डोक्यावर येते, तर लॉक नाही, बाजूचे गॅसचे शॉक गेलेत. ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. आत दाबलेला गॅस असतो, भोक पाडणं किंवा तापवणं धोक्याचं. जोडी बदला.

रोजची काळजी फार नाही. मासळी उतरवली की लॉक आणि खालचा आकडा गोड्या पाण्याने पुसायचा, सुकू द्यायचा, आणि महिन्यातून एकदा थोडं ग्रीस. गंज सोडवायचा स्प्रे मारलात तरी वर ग्रीस लावाच, नुसता स्प्रे लवकर उडतो. क्रेटखाली कडा वर वळवलेली ताडपत्री घाला, म्हणजे बर्फाचं पाणी आकड्यापर्यंत जात नाही. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत होडी वर काढली की गाडीही पावसात उभीच असते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी डिकी उघडून बंद करा. आमचं लॉक दोन वर्षांमागे जाम झालं होतं ते असंच, ऑगस्टच्या पहिल्या खेपेला.