लाकूड, कार्बन आणि खेळते भांडवल

आमच्या जिमखान्यात टेबल टेनिसची दोन टेबले आहेत. त्यांच्याभोवती संध्याकाळी जी चर्चा रंगते तीत हल्ली एकच शब्द वारंवार कानी पडतो : कार्बन. एखाद्याच्या हाती कार्बनची बॅट आली की दुसऱ्या दिवसापासून आणखी चौघांना आपली लाकडी बॅट मंद वाटू लागते. नामांकित परदेशी कंपनीचे कार्बनचे ब्लेड घ्यायचे तर किंमत पाच आकड्यांत जाते. हे पैसे बहुतेकांच्या बाबतीत वडिलांच्या पगारातून किंवा सुट्टीतल्या कामातून यायचे असतात. तेव्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात थोडे लक्ष घालायला हरकत नसावी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण जिला बॅट म्हणतो तिच्यातली मुठीसकटची लाकडी फळी म्हणजे ब्लेड. त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवतात ती रबरे, आणि बहुतेक रबरांच्या खाली स्पंज असतो. (घरी ‘नवे ब्लेड घ्यायचे आहे’ म्हटल्यावर दाढीच्या सामानाचा खण दाखविला जातो, हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा.)

साधनाने खेळ बदलतो हे मात्र खरे आहे, आणि त्याचा गाजलेला दाखला मुंबईतच घडला. १९५२ साली तेथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. आशिया खंडात ती प्रथमच होत होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवरच्या खेळाडूंना चेंडूच्या आवाजावरून वेगाचा अंदाज बांधायची सवय होती. सातोच्या बॅटीचा आवाजच येईना! भलेभले चकले आणि एकेरीचे अजिंक्यपद तो घेऊन गेला. पुढे १९५९ मध्ये स्पंजावर बंधन आले. रबर आणि स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक नको असे ठरले.

कार्बनवरही बंधन आहे, आणि ते समजले की अर्धे गूढ उकलते. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच हवा. लाकडाचे पदर जोडणाऱ्या थरात कार्बन, काच यांसारखे तंतू घालता येतात. पण असा थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. ६ मिलिमीटरच्या ब्लेडला पहिल्या हिशेबाने ०.४५ मिलिमीटर येतात, म्हणून तेथे ०.३५ ची मर्यादा लागू होते. थोडक्यात, कार्बनची म्हणून मिरवणारी बॅटसुद्धा मुख्यतः लाकडाचीच असते.

मग एवढ्याशा थराने फरक कसा पडतो? चेंडू बॅटला टेकलेला असतो तो सुमारे एक सहस्रांश सेकंद. तेवढ्यात फळी किंचित वाकते, थरथरते, आणि चेंडूची काही शक्ती त्यात खर्ची पडते. फळी ताठ असेल तर खर्च कमी आणि परतावा अधिक. ब्लेडसाठी जी हलकी लाकडे वापरतात त्यांच्यापेक्षा कार्बनचा तंतू आपल्या लांबीच्या दिशेने वीस पटींहून अधिक ताठ असतो. शिवाय चेंडू अगदी मध्यावर न बसता थोडा कडेला बसला तरी ताठ फळी बऱ्यापैकी सारखीच साथ देते.

परंतु कार्बन आहे की नाही यापेक्षा तो कुठे बसविला आहे हा प्रश्न मोठा आहे, आणि जिमखान्यातल्या चर्चेत नेमका तोच कुणी विचारत नाही. घराची तुळई ओतताना गवंडी सळया मधोमध टाकत नाही, कडेजवळ टाकतो. वाकण्याला विरोध करण्याची थराची ताकद मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. ब्लेडच्या मध्यापासून १.६ मिलिमीटरवर असलेला कार्बनचा थर २.४ मिलिमीटरवर नेला तर अंतर दीडपट होते, पण त्या थराने येणारा ताठपणा सव्वादोन पट! म्हणूनच एका जातीच्या ब्लेडमध्ये कार्बन बाहेरच्या लाकडी पदराखाली लगेच असतो, तर दुसरीत तो आत, मधल्या गाभ्याला लागून. बटरफ्लाय या जपानी कंपनीचे व्हिस्कारिया हे पहिल्या जातीचे. चांग जिके या चिनी खेळाडूमुळे ते जगभर गाजले. त्याच कंपनीची इनरफोर्स मालिका दुसऱ्या जातीची. मा लाँगच्या नावाने निघालेले डीएचएस कंपनीचे हरिकेन लाँग ५ हेही आतल्या थराचे. आतल्या थराचे ब्लेड हलक्या फटक्याला जवळजवळ लाकडासारखे वागते आणि जोराचा फटका मारला की कार्बन जागा होतो, असा खेळाडूंचा अनुभव आहे.

तंतूंतही प्रकार आहेत. निव्वळ कार्बन हाताला कडक लागतो. त्यात अरायलेट नावाचा तंतू विणला की थरथर शोषली जाते आणि स्पर्श मऊ होतो. बाजारात ‘एएलसी’ म्हणतात ते हेच विणकाम. लाकडांचेही तसेच : बाहेरचा पदर कोटोचा असेल तर कडक, लिंबाचा असेल तर मऊ. (हे लिंबा आफ्रिकेतले झाड, आपल्या कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही.) गाभ्याला बहुधा किरी किंवा आयूस घालतात, कारण ती हलकी.

वेगाची किंमत कुठे मोजावी लागते, ते आता पाहू. ताठ ब्लेडवरून चेंडू लवकर सुटतो आणि त्याचा चापही सपाट असतो. समोरच्याची आखूड सर्व्हिस जाळ्याजवळच ठेवायची असेल, किंवा खाली फिरणारा चेंडू टॉपस्पिनने उचलायचा असेल, तर चेंडू बॅटीवर क्षणभर रेंगाळलेला बरा. लाकडाचे पाच पदरी ब्लेड हे शिकवते, सात पदरी त्यात थोडा जोर घालते. आमच्याकडे सरावाला येणारे एक ज्येष्ठ कानडी खेळाडू टेबलाशेजारी उभे राहून ‘निधान, निधान’ म्हणत असतात. कानडीत निधान म्हणजे सावकाश, मराठीत निधान म्हणजे ठेवा. आखूड चेंडू परतविताना मला दोन्ही अर्थ पटतात.

कार्बनकडे ओढा वाढण्याला कारणेही आहेत. २००० साली चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला, २००८ मध्ये वेग वाढविणाऱ्या द्रावकयुक्त गोंदावर बंदी आली, २०१४ पासून सेल्युलॉइडची जागा प्लास्टिकने घेतली. प्रत्येक वेळी खेळातला वेग किंवा फिरकी थोडी कमी झाली आणि खेळाडू ती भरपाई साधनांत शोधू लागले. पण हे ज्यांचे फटके आधीच पूर्ण आहेत त्यांचे दुखणे. आपल्याला ते आहे का?

ते तपासायला मी खतावणीची पद्धत वापरली. कन्नड विभागातला एक मित्र दुहेरीत माझा जोडीदार आहे. आम्ही दोघांनी सहा-सहा गेममधला प्रत्येक गमावलेला गुण कारणासह वहीत मांडला. माझे ५८ गुण गेले. त्यांपैकी २१ सर्व्हिस परतविताना, १७ बॅकहँडला, ११ टॉपस्पिन टेबलाबाहेर गेल्याने आणि ३ चेंडू जाळ्याला किंवा कडेला निसटता लागल्याने. फटक्यात जोर कमी पडला म्हणून गेलेले गुण फक्त ६. जोडीदाराची वही उलटी निघाली. तो टेबलापासून दोन पावले मागे उभा राहून पूर्ण हात फिरवतो. त्याचे बहुतेक गुण गेले ते चांगला फटका मारूनही समोरच्याला पोचायला वेळ मिळाला म्हणून. कार्बनची गरज त्याला आहे, मला नाही.

आता पैशांचे. पुस्तकी भाषेत ब्लेड हा भांडवली खर्च; नीट सांभाळले तर वर्षानुवर्षे टिकते. रबर हा महसुली खर्च. रोज खेळणाऱ्याचे रबर काही महिन्यांत गुळगुळीत होते आणि पकड सोडते. एका दुकानाची जमाखर्चाची वही लिहून माझे १२,००० रुपये साठले आहेत. ते सारे कार्बनच्या ब्लेडवर घातले तर त्यावर जुनीच, झिजलेली रबरे चिकटवावी लागतील. त्याऐवजी चांगले सात पदरी लाकडी ब्लेड आणि नव्या रबरांची जोडी घेतली, तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंत रबर एकदा बदलण्याइतकी रक्कम हाती उरते. वाणिज्यात याला खेळते भांडवल म्हणतात, आणि हा शब्द इतका शब्दशः लागू पडलेला मी अन्यत्र पाहिला नाही.

ज्यांना कार्बन घ्यायचाच आहे त्यांनी तो निदान आठवडाभर कुणाकडून उसना घेऊन पाहावा. मात्र दोन्ही ब्लेडांवर एकाच जातीची रबरे हवीत. नाहीतर तुलना रबरांची होते आणि निकाल ब्लेडच्या नावे लागतो. ब्लेडवर छापलेल्या वेगाच्या आकड्यांवर जाऊ नये. प्रत्येक कंपनीचे मोजमाप आपापले असते, त्यामुळे एकीचा दहा दुसरीच्या आठाइतकाही असू शकेल. त्यापेक्षा नुसत्या फळीवर चेंडू टपटपवून आवाज ऐकावा. आवाज जितका बारीक, तितकी फळी ताठ. आणि वजन न विसरता विचारावे. एकाच नावाच्या दोन ब्लेडांत पाच-सहा ग्रॅमचा फरक सहज निघतो. रबरे चढल्यावर सारी बॅट १७५ ते १९० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि तिसऱ्या सामन्यात मनगटाला त्यातला एकेक ग्रॅम कळतो. जोडीदाराने आतल्या थराचे, ८६ ग्रॅमचे एएलसी मागविले आहे. नव्वदीचे आले तर परत घ्यायचे, असे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घेतले आहे.