बोर्ड गेला, असं म्हणण्याआधी

डिशवॉशरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की घरातलं निदान ठरलेलं असतं: ‘बोर्ड गेला.’ माझ्या मते हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं. वीज आणि साठ-सत्तर अंशांचं पाणी एकाच पेटीत खेळवणाऱ्या या यंत्राला न चालण्याचीही शिकवण दिलेली असते. दार पक्कं लागलेलं नसेल किंवा तळाच्या ट्रेमध्ये पाणी उतरलं असेल, तर धडधाकट मशीनही जागचं हलत नाही. म्हणून आधी बघायचं ते पॅनेलवर दिवे लागतात का. एकही दिवा नसेल, तर शोध सॉकेट आणि एमसीबीकडे न्यावा. इथे नुसत्या टेस्टरवर विसंबू नये; न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टरचा दिवा लागतो. त्याच सॉकेटला इस्त्री लावावी. ती तापली, तर वीज मशीनच्या दारापर्यंत पोचते आहे हे नक्की.

दिवे लागत असतील, तर चाइल्ड लॉक आणि उशिरा सुरू करण्याची वेळ चुकून लागलेली नाही ना, हे पाहून थेट दाराकडे वळावं. दार लोटल्यावर कडीचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. खालच्या जाळीतून पळीचा दांडा जरा पुढे आला, तरी दार लागल्यासारखं दिसतं, पण कडीमागचा बारीक स्विच दबत नाही. मशीन घुं करून थांबत असेल, तर पाण्याचा संशय घ्यावा. बऱ्याच मशीनना अर्धा बार दाब लागतो, म्हणजे नळाच्या वर सुमारे पाच मीटर पाणी. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तेवढी उंचीच मिळत नाही. आणि बाकी सगळं बंद असताना पंप एकसारखा वाजत असेल, तर तळाच्या ट्रेमधला तरंगता तुकडा पाण्याने वर उचलला गेला आहे. हातानं भांडी घासायचा साबण घातला, तर फेस उतू जाऊनही हे होतं.

कोणी म्हणेल, प्लग काढून पुन्हा लावला की चालतं, मग एवढी चिकित्सा कशाला? कधी कधी चालतंही. पण तळातलं पाणी त्यानं आटत नाही, आणि पॅनेलवर आलेला एरर कोड मात्र पुसला जाऊ शकतो. तो आधी लिहून घ्यावा. विजेच्या वस्तूला घरच्यांनी हात लावू नये, ही हरकत जास्त वजनाची आहे, आणि ती मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच वरच्या कुठल्याही तपासणीत एकही स्क्रू सोडवावा लागत नाही. त्यापुढचं काम मेकॅनिकचं. त्याला फोनवर नुसतं ‘चालू होत नाही’ न सांगता दिवे, कडीचा आवाज, पंप आणि कोड यांची खबर द्यावी; येताना कडी आणायची, व्हॉल्व्ह आणायचा की बोर्ड, हे त्याला तेवढ्यावरून ठरवता येतं.