पेटी आणि कानसेन

वर्धा जिल्ह्यावर काहीतरी लिहावे, मात्र त्यात चरखा नसावा, अशी संपादकांची अट होती. आणि सेवाग्राम, पवनार, मगनवाडी ही नावे टाळून या जिल्ह्यावर लिहावयाचे म्हणजे विठोबा वगळून पंढरपूरवर लिहिण्यासारखे आहे हे ठाऊक असूनही मी ती अट मान्य केली, याचे कारण एवढेच की, वर्ध्यात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर आहे आणि त्याच्या दुकानात पेटीवादकांच्या बातम्यांचा जो बाजार भरतो तो एकदा ऐकावाच, असे नागपूरच्या एका गायकमित्राने मला फार दिवसांपासून सांगून ठेवले होते.

दुकान म्हणजे घराचाच पुढचा सोपा. भिंतीला लागून निरनिराळ्या गावांच्या भजनी मंडळांच्या पेट्या उतरंडीसारख्या रचलेल्या, प्रत्येकीवर खडूने गावाचे नाव लिहिलेले: सेलू, देवळी, आर्वी, समुद्रपूर. पुढ्यात पितळी पट्ट्यांचा ढीग, मेंढीच्या चामड्याचे तुकडे, सरसाचा डबा आणि बसायला दोन बाकडी. या बाकड्यांवर संध्याकाळी जी मंडळी जमतात त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एस.टी.तून सेवानिवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत, पुलगावच्या जुन्या कापडगिरणीत हयात घालविलेले एक गृहस्थ आहेत, गुरुदेव सेवा मंडळाचे एक पेटीमास्तर आहेत, आणि अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक विद्यार्थीही येऊ लागला आहे. यांपैकी गाणारा एकही नाही, वाजविणारे दोघेच. बाकीचे सारे शुद्ध कानसेन.

मैफलीहून परतलेला माणूस सामान्यतः गायकाविषयी बोलतो. ही मंडळी साथीदाराविषयी बोलतात. नागपूर रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर, तेव्हा तिथल्या बैठका गाठणे यांना कधीच कठीण गेले नाही, आणि जो जाऊन आला त्याने दुसऱ्या दिवशी येथे येऊन इत्थंभूत निवेदन करावयाचे, ही येथली अलिखित सनदच आहे. ‘छान वाजवले’ एवढ्यावर येथे सुटका होत नाही. भात्याचा झटका कुठे ऐकू आला काय, गायक मंद्रात उतरला तेव्हा साथ पातळ झाली की तशीच राहिली, तान संपण्यापूर्वीच पेटीने तिचा शेवट उघड करून टाकला की गायकाचा मान राखून अर्धे पाऊल मागे राहिली, असे प्रश्न उलटतपासणीच्या थाटात विचारले जातात. अप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांच्यात श्रेष्ठ कोण, हा येथला वर्षानुवर्षे प्रलंबित असलेला दावा आहे. कंडक्टरसाहेब अप्पांच्या पक्षाचे. भीमसेनांच्या झंझावातात पाय रोवून उभी राहणारी साथ ती, दुसरी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मुख्याध्यापक बोरकरांचे, मधुकर पेडणेकरांकडून, म्हणजे पी. मधुकरांकडून, आलेली बोटांची नजाकत त्यांना सर्वस्व वाटते. गिरणीतले गृहस्थ मात्र दोघांनाही बाजूला सारून मूळच्या नागपूरच्या मनोहर चिमोटे यांचे नाव घेतात, ज्यांनी पेटीला स्वरमंडळाच्या तारांची जोड दिली आणि साथीच्या वाद्याला एकलवादनाच्या आसनावर नेऊन बसविले. पूर्वी या वादात पुरावा म्हणून कॅसेटा येत, आता मोबाइल येतो. वाद तोच आहे.

विद्यार्थ्याने या दरबारात एके दिवशी जॉन लॉर्ड यांचे नाव काढले. ‘डीप पर्पल’ या इंग्रजी रॉक वृंदाचे हे कीबोर्डवादक. हॅमंड ऑर्गन हे त्यांचे वाद्य, आणि १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉक वृंद व सिंफनी वाद्यवृंद यांना एकत्र बसवून त्यांनी स्वतःची रचना सादर केली होती. हॅमंडची पट्टी दाबताच एक बारीक ‘टक्’ असा आवाज येतो, निर्मात्यांच्या लेखी तो दोष होता, पण वादकांना आणि त्यांच्या चाहत्यांना तोच प्रिय झाला, हे विद्यार्थ्याने सांगितले तेव्हा आजवर त्याच्याकडे संशयाने पाहणारे कंडक्टरसाहेब बाकावर सरकून बसले व त्यांनी त्याला जागा करून दिली.

पेटीचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबाँ यांनी १८४२ साली ‘हार्मोनियम’ या नावाचे एकाधिकारपत्र घेतले. ते वाद्य पायाने भाता मारण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागच्या बाजूस आणून तो हाताने मारण्याची सोय केली, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या देशात या परदेशी पाहुण्याला कायमचे घर मिळाले. महाराष्ट्रात संगीत नाटकाने तिला आश्रय दिला; गोविंदराव टेंबे यांनी गायक भास्करबुवांची साथ करून तिची प्रतिष्ठा वाढविली आणि १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली बांधल्या; पुढे पु. ल. देशपांड्यांसारख्या साहित्यिकानेही तिच्यावर जीव जडविला.

विद्वानांचा मात्र तिच्यावर रोषच राहिला. आकाशवाणीच्या फील्डन नावाच्या इंग्रज नियंत्रकाच्या अमलात, १ मार्च १९४० पासून, पेटीला ध्वनिक्षेपणातून मज्जाव झाला. या फर्मानाला रवींद्रनाथांचा पाठिंबा होता, आणि स्वराज्य आल्यावर मूळचे पुण्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांनीही ते बदलले नाही. साथीपुरती मुभा मिळावयास १९७१ साल उजाडले. तीस वर्षे सरकारी खात्याने नामंजूर केलेले हे वाद्य त्याच तीस वर्षांत वऱ्हाडातल्या आणि वर्धेकाठच्या गावोगावी देवळांतून पोचले होते. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) १९३६ साली गांधींच्या निमंत्रणावरून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, येऊन राहिले होते. त्यांची खंजिरी प्रसिद्ध आहे, पण त्यांच्या नावाने चालणाऱ्या सामुदायिक प्रार्थनेत खंजिरीच्या शेजारी पेटी असतेच. दिल्लीचा हुकूम या ओसऱ्यांपर्यंत कधी आलाच नाही.

रोषाचे कारण खोटे नव्हते, आणि ते कळण्यासाठी कारागिराच्या शेजारी बसावे लागते. पेटीचा प्राण म्हणजे ‘सूर’. पितळेच्या पट्टीत एक अरुंद खाच, आणि त्या खाचेवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेली पितळेचीच पातळ जीभ. खालून हवा आली की ही जीभ खाचेतून वरखाली कंप पावते आणि स्वर उमटतो. जीभ टोकाकडे खरवडली तर ती हलकी होऊन स्वर चढतो, मुळाकडे खरवडली तर दुबळी होऊन उतरतो. एवढेच शास्त्र. पण खरवडलेले पितळ परत चिकटविता येत नाही, म्हणून हा म्हातारा एक जीभ जुळविताना पाते फिरवितो, फुंकर मारतो, सूर जागेवर बसवितो, ऐकतो, पुन्हा काढतो, आणि हे सारे इतक्या सावकाश की पाहणाऱ्याचा धीर सुटावा. त्याच्याजवळ स्वर मोजण्याचे यंत्र आहे; मुलाने आणून दिलेले, आता पिशवीतच पडून असलेले. “मशीन सांगते सूर बरोबर हाय जी,” तो म्हणाला, “पन कान म्हनते नाई. मंग मी कोनाचं आयकू?” तो तंबोरा छेडतो आणि त्याच्या षड्जातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराशी पेटीचा गांधार जुळवितो.

येथे तो हट्टी प्रश्न सुरू होतो. कारखान्यातून आलेली पेटी सप्तकाचे बारा समान तुकडे करून बसविलेली असते. सप्तकाचे १,२०० सेंट मानले तर तीत शुद्ध गांधार ४०० वर येतो. तंबोऱ्यातला गांधार ३८६ वर आहे. चौदा सेंटांचा हा चढ सामान्य कानाला जाणवणार नाही, पण तंबोऱ्याशेजारी तो टोचू लागतो, आणि धैवताचा चढ तर सोळापर्यंत जातो. पंचमाचा फरक दोनच सेंटांचा. म्हणून पंचमावर कोणी फिर्याद करीत नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशेब महसुली दप्तराच्या काटेकोरपणाने मांडला आणि क्लेमेंट्स नामक इंग्रज न्यायाधीशाच्या साह्याने विलायतेत श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण भातखंड्यांच्या पक्षापुढे तिचा निभाव लागला नाही. पुढे मुंबईच्या डॉ. विद्याधर ओक यांनी याच प्रश्नाला हात घालून बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. मला या साऱ्या खटाटोपाविषयी फार आदर वाटतो. परंतु सेलू तालुक्यातल्या मंडळाला ती पेटी घेऊन देणार कोण?

आमचा कारागीर गरीब मार्ग अनुसरतो. मंडळातले मुख्य गायक कोणत्या पट्टीत गातात ते तो विचारतो आणि त्या षड्जापुरते स्वर खरे करून देतो. पुरुष काळी एकमध्ये गात असतील तर काळी एकमधला गांधार असा लागतो की, समोर बसलेला अडाणी माणूसही मान डोलवितो, का डोलवितो ते त्याला सांगता येत नाही. पण तीच पेटी गावातल्या महिला मंडळाने नेली आणि काळी पाचमध्ये गाणे लावले, की हिशेब पार उलटतो: तिथला गांधार चौदा नव्हे, चाळीस सेंटांनी चढा बसतो आणि बायांना वाटते आपलाच गळा बिघडला. म्हणून पेटीच्या पोटात, झाकणाच्या आतल्या बाजूस, तो पेन्सिलीने पट्टी लिहून ठेवतो आणि नेणाऱ्याला बजावतो. बजावलेले गावी पोचेपर्यंत टिकत नाही, अशी त्याची तक्रार आहे.

संपादकांची अट येथे थोडी मोडतो, त्यांनी क्षमा करावी. मगनवाडीत ग्रामोद्योगांचे जे संग्रहालय १९३८ साली गांधींच्या हस्ते उघडले गेले, त्यात पेटीला जागा मिळावी असा अर्ज कोणी केला असता तर परदेशी यंत्र म्हणून तो बहुधा फेटाळला गेला असता. परंतु यंत्रांना विरोध करतानाही गांधींनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता, आणि त्या अपवादाची कसोटी लावली तर वीज न लागणारी, एका हाताने चालणारी, गावच्या सुताराच्या आवाक्यातली पेटी सहज उत्तीर्ण होते. फक्त जीभ तेवढी गावात होत नाही.

आणि आज अडचण तिथूनच सुरू होते. पूर्वी जर्मन सूर मिळत; आता जुन्या मोडक्या पेट्यांतून काढलेलेच काय ते हाती लागतात. सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूर चांगले, पण ते काम हाती कानशीने करणाऱ्या माणसांचे. स्वस्त पेट्यांत साच्यातून ठोकून काढलेले सूर येतात आणि त्यांची जीभ दोन वर्षांत थकते. त्यात वर्ध्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लाकूड आकसते, सुरांच्या फळीला केसाएवढी चीर पडते, आणि एक पट्टी दाबली असता शेजारचा सूरही कण्हू लागतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. “पेटी पान्यानं अडते, पन मरते उन्हानंच,” असे त्याचे निदान आहे. टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या मंडळाच्या पेटीला उंदीर आणि कसर यांचाही जाच असतो. भात्याचे चामडे उंदरांना आवडते, पट्ट्यांखालचा नमदा कसरीला. दुरुस्तीचे पैसे वर्गणीतून यावयाचे, आणि वर्गणी आधी मंडपाला जाते, मग ध्वनिवर्धकाला; पेटीच्या वाट्याला येईपर्यंत ती संपलेली असते. कारागिराचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. शिकाऊ म्हणून आलेली पोरे भाता चिकटविण्यापर्यंत शिकतात; पाते हातात घेण्याइतका काळ थांबत नाहीत.

याहून मोठे संकट मात्र मी बसलो असतानाच दारात आले. गुरुदेव मंडळाचे पेटीमास्तर आपली पेटी घेऊन आले आणि म्हणाले की यंदाच्या सप्ताहात मंडळाने कीबोर्डवालाही सांगितला आहे, तेव्हा पेटी त्याच्याशी मिळती करून द्या. त्याचे यंत्र ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वरावर, बारा समान तुकड्यांत बसविलेले असते. कारागीर काही बोलला नाही. बोलले मुख्याध्यापक, आणि तावातावाने. समान तुकड्यांच्या दोषापायी या वाद्याला तीस वर्षे आकाशवाणीबाहेर बसविले, या म्हाताऱ्याने एकेक जीभ खरवडून तो दोष धुऊन काढला, आणि आता विजेच्या पेटाऱ्याला बरे वाटावे म्हणून तोच दोष हिच्या पोटात पुन्हा भरावयाचा, ही कोणती रीत? पेटीमास्तर ओशाळले, परंतु त्यांचाही नाइलाज होता. तरुण पोरे प्रार्थनेला यावयाची तर कीबोर्ड हवा, असा मंडळाचा ठराव झालेला. मला दोघांचेही पटत होते, आणि मुख्याध्यापकांचे अंमळ जास्त.

तेव्हा विद्यार्थी म्हणाला की, हल्लीच्या कित्येक कीबोर्डांत प्रत्येक स्वर वेगळा वरखाली करण्याची सोय असते. गांधार चौदाने उतरवा, धैवत सोळाने, की कीबोर्डच पेटीशी जुळेल. बाकावर शांतता पसरली. मग कारागीर हसला. “मंग त्यालेच सांगा ना, बाप्पा, खाली ये म्हना. माह्या पेटीले काहून वर चढवता?”

कंडक्टरसाहेबांनी लगेच कीबोर्डवाल्याचा नंबर मागितला. तो हिंगणघाटचा, लग्नसराईत अडकलेला. त्याच्या यंत्रात ही सोय आहे की नाही हे पेटीमास्तरांना ठाऊक नव्हते, आणि असली तरी तो मानेल याची खात्री नव्हती. पेटी मात्र एकादशीच्या आत हवी होती. कारागिराने तिच्यावर खडूने गावाचे नाव लिहिले, पट्टीची जागा कोरी सोडली, आणि फोन लागेपर्यंत भात्याचे काम उरकून घेतो म्हणाला.