दोन टक्क्यांच्या बाहेरचे काम
(कर्करोग आणि पैसा : लेखांक ९)

रुग्णाचा खिसा कसा रिकामा होतो ते गेल्या लेखांकात पाहिले. आता भरलेल्या खिशांकडे वळू.

कर्करोगाविरुद्ध उद्योजकांनी एकत्र यावे, ही हाक अमेरिकेत २००१ साली थोरल्या जॉर्ज बुश यांनी दिली. त्यांची मुलगी रॉबिन १९५३ साली, चार वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. त्यांच्या हाकेतून बड्या कंपन्यांच्या प्रमुखांची ‘सीईओ राउंडटेबल ऑन कॅन्सर’ ही संस्था उभी राहिली. आधी आपल्याच कंपनीतल्या माणसांसाठी काय करता ते बघा, असा बुश यांचा रोख होता. पुढे संस्थेने कंपन्यांसाठी एक मानांकन काढले. ते मिळवायचे तर आवारात तंबाखू बंद हवी, तपासण्यांचा खर्च विम्यात हवा, कर्मचाऱ्यांच्या आहाराची आणि व्यायामाची सोय हवी. या मंडळींत औषध कंपन्यांचे प्रमुखही होते, तेव्हा सगळा मामला निव्वळ परोपकाराचा होता असे समजू नये. पण सुरुवात घरापासून झाली, हे मान्य करायला हवे.

आपल्याकडची परंपरा वेगळी, आणि बरीच जुनी. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पाठोपाठ १९३२ साली त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. उद्योगाने उभारायचे आणि सरकारने चालवायचे, ही आपली घडी तेव्हापासूनची.

ती अजून मोडलेली नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हाच तो सीएसआर. आयसीआयसीआय बँकेने २०२३ साली टाटा मेमोरियल सेंटरला १,२०० कोटी रुपये जाहीर केले, ते खारघर, पंजाबातले मुल्लांपूर आणि विशाखापट्टणम इथल्या नव्या इमारतींसाठी. रक्कम मोठी आहे आणि गरजही खरी आहे.

अडचण इमारतीनंतर सुरू होते. सीएसआरचा चालू प्रकल्प, सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. किरणोपचाराचे यंत्र मात्र त्याहून कितीतरी वर्षे चालते. तेवढी वर्षे त्याला तंत्रज्ञ लागतो, भौतिकतज्ज्ञ लागतो, देखभालीचा करार लागतो. रुग्णालाही उपचारानंतर वर्षानुवर्षे तपासणीला यावे लागते. कोनशिलेवर नाव कोरता येते. तंत्रज्ञाच्या पगारपत्रकावर कोण कोरणार?

म्हणून मला मुंबईतल्या कॉटन ग्रीनचे काम मोलाचे वाटते. युनिलिव्हरमध्ये मोठ्या पदांवर राहिलेले निहाल कविरत्ने आणि त्यांच्या पत्नी श्यामा यांनी २००६ साली ‘सेंट ज्यूड’ ही संस्था सुरू केली. गावाहून मुलाला घेऊन आलेले आईबाप परळच्या फूटपाथवर पथारी टाकतात. पैसे संपले, पाऊस लागला, की उपचार अर्धवट टाकून परत जातात. सेंट ज्यूडमध्ये अशा कुटुंबाला स्वतंत्र खोली मिळते, आणि सामाईक स्वयंपाकघरात आपल्या हातचे शिजवायची सोय. केमोने तोंडाची चव गेलेले पोर आईच्या हातची खिचडी चार घास तरी खाते. कॉटन ग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती दुरुस्त करून हे उभे राहिले आणि वेगवेगळ्या देणगीदारांनी त्याचा खर्च वाटून घेतला. नियमही आड येत नाहीत. अनेक कंपन्या मिळून एक प्रकल्प करू शकतात, प्रत्येकीने आपला हिशेब वेगळा दाखवला म्हणजे झाले.

कायद्याची खरी गंमत पुढे आहे. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरतच नाहीत. यामागचा हेतू रास्तच आहे, नाहीतर कॅन्टीनची रंगरंगोटीही समाजसेवेत गेली असती. पण बुश यांनी सुचवलेले काम त्यामुळे आपल्याकडे दोन टक्क्यांच्या बाहेर राहिले, आणि मोजले जात नाही ते सहसा केलेही जात नाही.

वास्तविक ते स्वस्तातले काम. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी साध्या ॲसिटिक ॲसिडने, म्हणजे घरातल्या व्हिनेगरमधल्या आम्लाने, गर्भाशयमुखाची तपासणी करायची. ठरावीक वर्षांच्या अंतराने ती केल्यावर या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तोंडाच्या तपासणीला तर टॉर्च आणि शिकवलेली नजर पुरते. एमआयडीसीतल्या दहा कारखान्यांनी मिळून एक परिचारिका नेमली, तपासणीसाठी भरपगारी अर्धा दिवस दिला आणि गेटच्या आत तंबाखूची पुडी बंद केली, तर कोणाचा ताळेबंद कोसळणार नाही. अट एकच, कंत्राटी कामगारही या यादीत हवेत. हजेरीपट ठेकेदाराकडे असतो म्हणून ते नेमके सुटतात.

आता चार्टर्ड अकाउंटंट मंडळींसाठी. सीएसआरचा खर्च प्राप्तिकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीचा होतो.

(पुढील लेखांकात : रुग्णालयांनी मिळून औषधे खरेदी केली की भाव किती उतरतो)