कोंक गांवचें भांडार व त्याचे राखणदार

फ्रान्सच्या दक्षिण भागांत, आव्हेरों जिल्ह्यांत, डोंगरउतारास बिलगून कोंक नांवाचें एक खेडें आहे. दगडी चिपांनीं शाकारलेलीं घरें, अरुंद चढणी आणि मधोमध संत फ्वा हिचें अकराव्या-बाराव्या शतकांतील मंदिर, एवढाच त्याचा विस्तार. मंदिराच्या पश्चिमद्वारावर अंतिम न्यायदिनाचें शिल्प असून त्यांत शंभरांहून अधिक आकृति आहेत. यात्रेकरू बहुधा त्यापुढेंच थबकतात. आम्हांस मात्र तेथील भांडाराची हकीकत अधिक मननीय वाटली.

या भांडारांत संत फ्वा हिची सोन्याच्या पत्र्यानें मढविलेली बैठी मूर्ति आहे. हिच्या अस्थि नवव्या शतकांत कोंकच्या एका भिक्षूनें आजां नगरांतून चोरून आणल्या, असें मठाची परंपराच सांगते. इ. स. १०१३ च्या सुमारास बर्नार नांवाचा आंजे येथील एक विद्वान अध्यापक येथें आला. प्रथम त्यास हें मूर्तिपूजन निंद्य वाटलें. पुढें मत पालटून त्यानें या संतेच्या चमत्कारांचा लॅटिन ग्रंथ रचण्यास आरंभ केला. त्या ग्रंथाची एक महत्त्वाची हस्तलिखित प्रत दूर आल्सासमधील सेलेस्ता येथील ग्रंथालयांत आहे. म्हणजे मूर्ति एके ठिकाणीं व तिची पोथी दुसरीकडे. एक पाहिल्यावांचून दुसरीचा अर्थ पुरता लागत नाहीं.

इ. स. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर मठ मोडले व देवालयांतील सोनें-रुपें वितळविण्यासाठीं सरकारजमा होऊं लागलें. तेव्हां कोंकच्या ग्रामस्थांनीं भांडारांतील वस्तु आपसांत वांटून घराघरांत लपविल्या, आणि अरिष्ट टळल्यावर त्या परत आणून दिल्या. इ. स. १८३७ मध्यें स्मारकांचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरीमे येथें आला, तेव्हां मंदिर जीर्ण झालेलें होतें. त्याच्या खटपटीनें पुढें जीर्णोद्धार झाला. परंतु त्या आधींच भांडार वांचविलें होतें तें निरीक्षकानें नव्हे, गांवकऱ्यांनीं.

चोरीनें आलेली ठेव अशी प्रामाणिकपणानें टिकली. जुन्या वस्तु व कागद घरांत जपणाऱ्या आम्हां संग्राहकांनीं यांतून एवढेंच घ्यावें कीं, संकटकाळीं लपविणें हें अर्धें काम. योग्य वेळीं परत उजेडांत आणणें हें उरलेलें अर्धें. तें झालें नाहीं, तर राखणदार व चोर यांत फारसें अंतर राहत नाहीं.